पदरमोड न करता नाताळ
(नवशिक्यांसाठी, पायरीपायरीने)

गेली अकरा वर्षं मी नाताळात कुणालाही विकतची भेट दिलेली नाही. नातेवाईक साक्षीला आहेत. त्यांतले बरेचसे अजून बोलतात. त्यामुळे "यंदा सगळं घरीच करायचं, साधं, मनापासून, खर्च न करता" असं तुम्ही ठरवलं असेल, तर पुढचं निमूट ऐका. वसईतल्या आमच्या गावात या विषयातला माझ्याइतका जाणकार दुसरा नाही. होता एक, पण त्याच्या बायकोने त्याला कुवेतला धाडला.

आधी थोडा धीर देतो. आपण कंजूष तर नाही ना, अशी शंका तुम्हाला रात्री छळत असेल. छळून घेऊ नका. तुम्ही कंजूष आहातच. पण त्याला आता बरा शब्द मिळालाय, हँडमेड. कंजूष माणूस पाचशेची वस्तू देत नाही. हँडमेडवालाही देत नाही, पण जे देतो त्याला सुतळीची गाठ मारतो आणि गाठीत तुळशीची काडी खोचतो. फरक एवढाच, आणि सुतळी घरात असतेच.

१. पाठीशी शास्त्र उभं करा

घरून विरोध होणार. तेव्हा कागदोपत्री तयारी ठेवा. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३ साली नाताळभेटींवर एक निबंध छापला. त्याने विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की तुम्हाला मिळालेली वस्तू तुम्ही स्वतः किती पैशांना घेतली असती? उत्तरांवरून निघालं ते असं, की देणाऱ्याने घातलेल्या पैशातला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वाटेतच जिरतो. म्हणजे हजार घातले तर तीनशे बुडू शकतात. शून्य घातले तर किती बुडतील, हे त्याने लिहिलेलं नाही. ते मी काढलं.

आणखी एक पुरावा खिशात ठेवा. १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये निरुपयोगी भेटींना आळा घालण्यासाठी चक्क एक संस्था निघाली होती, आणि थिओडोर रूझवेल्ट तिचे सभासद झाले होते. जेवणाच्या टेबलावर हे नाव जोरात घ्या. मात्र त्या चळवळीमागची मूळ तक्रार नोकरदार मुलींची होती, तुटपुंज्या पगारातून वरिष्ठांसाठी नाताळभेटीची वर्गणी काढावी लागते म्हणून. हा भाग गाळा. राबतं कोण आणि भेट कुणाच्या नावावर जाते, असले प्रश्न एकदा घरात शिरले की जात नाहीत.

कुणी म्हणेल, पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस नेला, शेणाच्या गोवऱ्या नेल्या नाहीत. उत्तर तयार ठेवा: त्यांना एकाच घरी द्यायचं होतं.

२. यादी करा

मागच्या वर्षी ज्यांनी दिलं ते, पुढच्या वर्षी ज्यांच्याकडे काम पडणार ते, आणि फादर. बाकीच्यांना मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात मिठी मारा. मिठीला खर्च नाही आणि ती घरीच बनते.

३. माल दिवाळीपासून जमवा

नवशिके इथेच चुकतात. डिसेंबरात जागे होतात. नाताळची खरी खरेदी हिंदू शेजाऱ्यांच्या दिवाळीनंतर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते, आणि तिला पैसे लागत नाहीत. फक्त सकाळी लवकर उठावं लागतं. मिठाईचे खोके, सुक्यामेव्याचे ट्रे, त्यावरचा चकाकी कागद, साटिनच्या फिती. श्रीखंडाचे डबे वेगळे ठेवा, त्यांची गरज दहाव्या पायरीला आहे.

सगळ्यात मोठं घबाड म्हणजे आकाशकंदील. दिवाळी संपल्यावर त्याची किंमत रद्दीची होते आणि महिन्याभराने त्याच कामट्यांची चांदणी शेकड्यांनी विकली जाते. मधली दरी तुमची. कंदिलाचा कागद अलगद सोडवा, कामट्या उकला, पाच टोकांत बांधा, मैद्याची खळ करून कागद पुन्हा डकवा. अर्ध्या दिवसाचं काम. माझ्या पहिल्या चांदणीला सहा टोकं आली, कारण एक कामटी उरत होती आणि मला टाकवेना. ती थोरल्या बहिणीला दिली. तिने ओटीवर टांगली, सगळ्यांनी नावाजली. अंधार पडल्यावर आतला बल्ब लावला, तेव्हा मधल्या कागदावर आतल्या बाजूने उलटी अक्षरं उमटली: शुभ दीपावली. बहीण काही बोलली नाही. तिने बल्ब काढला. वर्षभर ती चांदणी दिवसाच बघायची असते असं ती पाहुण्यांना सांगत होती.

गहू मात्र डिसेंबरातच पेरा. नाताळच्या गोठ्यातल्या हिरवळीसाठी पसरट डब्यांत गहू किंवा नाचणी टाकायची असते, हे तुम्हाला माहीत आहे. दहा-बारा दिवसांत तळहाताएवढी उगवते. तुम्ही चार डबे जास्त पेरा. ज्यांना साखर चालत नाही अशा काकांना एकेक डबा "गव्हांकुर" म्हणून द्या. रस कसा काढायचा ते त्यांचं ते बघतील. असिसीकर संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात गोठा उभा केला, तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं. ही बचतीतली सर्वोच्च पायरी आहे. मूर्ती विकत आणायच्या नाहीत, शेजाऱ्याची जनावरं दोन तासांसाठी न्यायची. आमच्याकडे आता गाढव मिळत नाही. म्हणजे मिळतं, पण त्याच्याशी नातं असतं.

४. मेणबत्त्या

२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, दफनभूमीत मेणबत्त्यांचा नुसता लखलखाट असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे काय असतं, याचा विचार फार थोडे लोक करतात. मी पिशवी घेऊन करतो. लहानपणी आम्ही पोरं तिथलं मेण गोळा करून त्याचे गोळे करायचो. मोठेपणी त्याच गोष्टीला रीसायकलिंग म्हणतात, एवढीच प्रगती.

मेण वितळवा, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. झेंडूच्या पाकळ्या, मुंग्या आणि अगरबत्तीच्या काड्या वर राहतील. जेलीच्या साच्यात ओता. सुवासासाठी व्हॅनिला इसेन्स घालू नका. मेणात तो मिसळत नाही, तडतडतो आणि भुवई जाते. वाढते परत.

द्यायच्या आधी एक पथ्य पाळा. ज्यांच्या घरचं कुणी त्या दफनभूमीत आहे त्यांना ही मेणबत्ती देऊ नये, बरं दिसत नाही. या नियमाने आमच्या गावातलं एकही घर उरत नाही. म्हणून मी मेणबत्त्या मुंबईच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवतो.

५. शुभेच्छापत्र

पहिलं छापील नाताळ कार्ड १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थाने काढलं. सगळ्यांना पत्रं लिहायला वेळ नव्हता म्हणून. म्हणजे या परंपरेचा पायाच कंटाळ्यावर आहे. तुम्ही संकोच करू नका.

कृती सोपी आहे. मागच्या वर्षी आलेली कार्डं घ्या. घडीवर कापा. चित्राची बाजू ठेवा, मजकुराची फेका. चित्रामागच्या कोऱ्या जागेवर नवा मजकूर लिहा. झालं नवं कार्ड. कापायला दातेरी कात्री वापरा, म्हणजे कडा मुद्दाम केल्यासारख्या दिसतात.

फक्त मागची जागा कोरी आहे ना, ते उजेडात पाहा. मी पाहिलं नव्हतं. माझ्या गॉडमदरचं अक्षर बारीक, आणि तिची सवय अशी की आत मावलं नाही की चित्रामागे लिहायचं. तिचंच कार्ड कापून, वर ठळक स्केचपेनने शुभेच्छा लिहून, मी तिलाच पाठवलं. नवीन वर्षाच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. "कार्ड मिळालं. छान आहे. मागे मीच लिहिलंय, की पाचशे रुपये ठेवलेत, तुझ्या अंकलच्या नावाने मिस्सा सांग. सांगितलीस?"

पाचशेची नोट मजकुराच्या बाजूला चिकटवलेली होती. मजकुराची बाजू कुठे जाते ते वर सांगितलंच आहे. मिस्सा मी स्वतःच्या खिशातून सांगितली. आजवरच्या माझ्या सगळ्या कार्डांत हे सर्वांत महाग.

६. फराळ

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. घरगुती नाताळभेट म्हणजे शेवटी खाणं. वस्तू कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि लक्षात राहिली तर जास्त वाईट. खाणं संपून जातं, पुरावा उरत नाही.

फराळाला हात घालण्याआधी एक वही करा. चार रकाने आखा: सामान, गॅस, वेष्टण, मजुरी. पहिल्या तीन रकान्यांत इमानेइतबारे आकडे लिहा. चौथ्यात आडवी रेघ मारा. माझ्या वहीत अकरा वर्षांच्या अकरा रेघा आहेत, पट्टी धरून मारलेल्या. "मजुरी कसली, घरचंच तर आहे!" हे वाक्य तोंडपाठ करा. घरगुती फराळ विकतच्या फराळापेक्षा स्वस्त पडतो तो या वाक्यामुळे. बाकी रवा, मैदा, साखर, तूप तुम्हाला आणि हलवायाला एकाच भावात मिळतं. उलट त्याला घाऊक.

कुलकुलपासून सुरुवात करू. मैदा, थोडा रवा, तुपाचं मोहन, अंडं, नारळाचं घट्ट दूध. मळून झाकून ठेवा. मग गोटीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि तशीच गुंडाळून सोडायची, की शिंपल्यासारखी वळी पडते. काटा नसेल तर कोरी फणी चालते. कोरी म्हणजे न वापरलेली. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण एका वर्षी हे आमच्याकडे कुणी स्पष्ट बोललं नव्हतं. जोड नीट मिटला पाहिजे, नाहीतर तेलात कुलकुल उलगडतं आणि गादीवरून उठलेल्या माणसासारखं दिसतं.

एक किलो मैद्याचे पाचशेच्या वर कुलकुल होतात. हा आकडा खात्रीचा आहे, मी मोजलेत. संध्याकाळच्या रोझरीनंतर जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून मम्मी, बायको, वहिनी आणि दोन पुतण्या बसतात, आणि मी खुर्चीवर वही घेऊन बसतो. मम्मीचा काटा ठरलेला आहे. त्याचा एक दात वाकडा आहे. वर्षभर तो ड्रॉवरच्या तळाला जुन्या किल्ल्यांबरोबर पडून असतो आणि डिसेंबरात फक्त तिच्या हातात येतो. त्या दातामुळे तिच्या प्रत्येक कुलकुलावर एक रेघ जरा रुंद पडते. तिचा अंगठा गेली चार-पाच वर्षं दुखतो, म्हणून ती गोळी अंगठ्याऐवजी तळव्याच्या कडेने ओढते आणि तरी तिची थाळी सगळ्यांत आधी भरते. साडेअकराला मी जाहीर केलं, "पाचशे बेचाळीस." मम्मी मान वर न करता म्हणाली, "तू मोज." याला प्रोत्साहन म्हणतात. नवशिक्यांनी असंच प्रोत्साहन देणारं घर निवडावं.

दोदोल हा पुढचा टप्पा. माझी सासुरवाडी गोव्यातल्या बार्देशातली, त्यामुळे दोदोल आमच्याकडे हुंड्यासारखा आला. तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ, आणि नारळाचं दूध, म्हणजे आधी नारळ फोडणं, खवणं, वाटणं, पिळणं, आणि पिळून झालेला चव पुन्हा पिळणं. मग जाड बुडाच्या कढईत हे सगळं एकत्र करून ढवळायचं. किती वेळ? कडेने तेल सुटेपर्यंत. तेल कधी सुटतं? ते दोदोल ठरवतो. दोन तास, तीन तास. मधे हात थांबवला की तळाला लागलं. फोन वाजला तरी नाही, दाराशी कुणी आलं तरी नाही. यात पुरुषमाणसाने मदत जरूर करावी. मी दर अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात डोकावून "सुटलं का?" असं विचारतो.

हिशेबाचा एक बारकावा इथे टिपून घ्या, फार उपयोगी आहे. दोदोल वड्या पाडून ताटात गेला की हिशेब बंद करायचा. कढईच्या तळाशी जो काळा, चिवट, टायरसारखा थर उरतो तो घासणं हे दोदोलमध्ये धरायचं नाही. कढई वेगळी.

बेबिंकाच्या वाटेला नवशिक्यांनी जाऊ नये. एक थर घाला, वरून निखारे ठेवून भाजा, तूप लावा, दुसरा थर घाला; असे निदान सात. त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा सात थरांचा बेत तिसऱ्या थराला सोडून "वसईचा बेबिंका" म्हणून खपवाल तर गोव्याची माणसं आता कायद्याने बोलतील. शिवाय त्यात नुसता बलक लागतो. उरलेल्या पांढऱ्याचं काय करायचं? जुन्या गोव्यात म्हणे मठातल्या सिस्टर त्याने कपड्यांना खळ करत. मी बायकोला सुचवून पाहिलं.

७. केक परवडवून घ्या

घरचा प्लमकेक विकतच्या दुप्पट किमतीला पडतो. दचकू नका, यावर उपाय आहे. आधी नाव समजून घ्या: प्लमकेकमध्ये प्लम नसतो, जुन्या इंग्रजीत मनुकांनाही प्लम म्हणत. ज्या पदार्थातून मुख्य फळच आधीपासून गायब आहे, त्यातून आणखी चार गोष्टी गेल्या तर कुणाला कळणार? ही श्रद्धा ठेवून पुढे चला.

काजूऐवजी शेंगदाणे. बेदाण्यांऐवजी टूटीफ्रूटी, जी कच्ची पपईच असते आणि पपई वाडीत आहे. फळं महिनाभर रममध्ये मुरवायची असतात. रमचा खर्च आहेच, वर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, आणि केक चावून खाल्ला तर तो लागतो का, हे मला आमच्या वकील भाच्याने अजून सांगितलेलं नाही. तेव्हा रमऐवजी कोरा चहा. लोण्याऐवजी तेल. अंडी निम्मी. काळसर रंगासाठी साखर करपवायची असते. केकच करपवला तर साखर वाचते. एवढं सगळं जमलं की शेवटी भांड्यातून जे निघतं त्याला आमच्याकडे भाकरी म्हणतात. तिला फीत बांधा.

१८८३ साली केरळात तलश्शेरीला मंबळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्याने एका इंग्रज साहेबाने आणलेला केक चाखून, तसा केक भारतात पहिल्यांदा बनवला असं सांगतात. त्याने नमुना बघून केला, हाच त्याचा दोष. नमुना बघितला नसता तर बराच पैसा वाचला असता.

८. बरणी

ही परदेशी युक्ती आहे आणि मला मनापासून आवडते. काचेच्या बरणीत मैदा, साखर, कोको, टूटीफ्रूटी असे रंगीत थर द्या. झाकणाला कापड बांधा. चिठ्ठी लटकवा: "यात लोणी आणि अंडी घालून भाजा." म्हणजे भेटही त्यांना, खर्चही त्यांचा, कामही त्यांचं. याला गृहपाठ म्हणतात, पण वरून फीत असते. दोन वर्षांपूर्वी दिलेली बरणी बायकोच्या धाकट्या जावेच्या शोकेसमध्ये अजून तशीच आहे. मैद्याच्या थरात काहीतरी हलतं. ती म्हणते, बर्फ पडल्यासारखं वाटतं.

९. ऑफिस

ऑफिसात चिठ्ठ्या काढून सीक्रेट सांता होतो आणि मर्यादा असते तीनशे रुपये. मर्यादा ही कमाल असते, किमान नव्हे, हे आधी स्वतःला समजवा. मग सुकेळी न्या. राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवायची, रोज संध्याकाळी आत घ्यायची, रोज उलटायची, आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची. आगाशीकडची सुकेळी प्रसिद्ध आहेत, पण तुम्ही घरी करा, कारण विकत घ्यायला गेलात तर इतकी मेहनत कुणीतरी किमतीत धरलेली आढळेल आणि धक्का बसेल.

रंग तपकिरी, अंग सुरकुतलेलं, वास मधाचा. साहेबांच्या नावाची चिठ्ठी मला निघाली होती. पुडी उघडून ते बराच वेळ बघत राहिले. मग खालच्या आवाजात विचारलं, "गुडघ्यासाठी आहे ना? रोज किती घ्यायचं?" मी म्हटलं, जेवणानंतर एक. मार्चमध्ये त्यांनी आणखी मागितलं. उतार पडला म्हणाले.

१०. ताट, झाकण आणि डबा

आता तयार फराळ वाटायची कला. गोव्यात याला कोंसुआद म्हणतात: नाताळात शेजारीपाजारी, हिंदू घरांतही, फराळाचं ताट जातं. आमच्याकडे वसईलाही ताटं फिरतात. इथे एक जुना नियम तुमच्या बाजूने आहे, तो म्हणजे रिकामं ताट परत पाठवायचं नसतं. म्हणून ताट मोठं पाठवा, त्यात थोडं ठेवा. आधी कुलकुल पसरून तळ झाका, कडेला दोन नेवऱ्या उभ्या करा, मधोमध दोदोलची एक वडी. वर क्रोशाचा रुमाल. रुमाल असला की खाली किती आहे यापेक्षा रुमाल कुणी विणला यावर बोलणं होतं.

डब्यांबाबत कठोर राहा. स्टीलचा डबा कुणालाही देऊ नका. स्टीलचा डबा ही भेट नसते, ती जमीन हस्तांतरित करण्यासारखी गोष्ट आहे. श्रीखंडाचे डबे वापरा. उलट तुमच्याकडे कुणाचा स्टीलचा डबा आला, तर त्यावर कोरलेलं नाव आधी वाचा. आमच्याकडे एकदा आमच्याच मम्मीच्या नावाचा आला होता, तीन घरं फिरून.

ताटांचा फेरा नीट जमला तर फराळ एका घरातून निघून दुसऱ्यामार्गे तिसऱ्याकडे जातो आणि कुणालाच पुन्हा करावा लागत नाही. गेल्या वर्षी २८ तारखेला गल्लीच्या टोकाच्या घरातून आमच्याकडे ताट आलं. मी रुमाल उचलला. कुलकुलांवर एक रेघ रुंद होती. मम्मीने त्यातलं एक उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, तोंडात टाकलं आणि म्हणाली, "साखर जरा कमी पडलीय त्यांची."

११. बायकोची भेट

सगळ्यांत शेवटी घरचं माणूस. तिला खाणं देऊन उपयोग नाही, तिनेच केलेलं असतं. तिला कूपनं द्या. यात सामान शून्य, गॅस शून्य. जुन्या कार्डांच्या कोऱ्या बाजू घ्या (उजेडात बघून), सारख्या आकारात कापा, एका कोपऱ्यात भोक पाडून फीत ओवा. प्रत्येकावर सुवाच्य लिहा: "हे कूपन दाखवणाऱ्यास एका वेळची भांडी घासून मिळतील." बारा पुरेत. तळाशी मुदत: पुढील ३१ डिसेंबर. मुदत हवीच, मुदत असली की माणूस ठेवून ठेवतं, आणि ठेवून ठेवलेलं कूपन विसरलं जातं, हे सगळ्या दुकानदारांना ठाऊक आहे.

मी गेल्या नाताळात बायकोला दिली. तिने हसून घेतली आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. जानेवारी गेला, लेंट गेला, पावसाळा गेला, एकही बाहेर आलं नाही. अकरा महिने मी या भेटीला माझी सर्वोत्तम कृती मानत होतो. आज २३ डिसेंबर. दुपारभर दोदोल झाला. संध्याकाळी ओट्यावर पीठ चाळायच्या चाळणीशेजारी बारा कूपनं एका ओळीत मांडलेली होती, फीत सोडून.

"सणासुदीला लागू नाही" ही ओळ घालायची राहिली होती. तुम्ही घाला.

१२. हिशेबाची वही कशी मिटवावी

ही पायरी सविस्तर लिहायची होती, पण हात ओले आहेत आणि कागद भिजतोय. नेवऱ्यांची परात, दोन झारे, कुलकुलच्या थाळ्या, साच्यांचा ढीग, नारळाचं दूध पिळलेली पातेली एवढं झालं. बायको खुर्चीवर बसली आहे, माझी वही मांडीवर घेऊन, आणि कूपनं मोजते आहे. सात गेली, पाच राहिली. कढई त्या पाचांत धरलेली नाही, ती वेगळी, असं आत्ताच कळलं.